पार्श्वभूमी : दरोडा, घरफोडी आणि 'हाइस्ट'

'हाइस्ट'ला, म्हणजे आराखडा आखून केलेल्या मोठ्या चोरीला, मराठीत सर्रास दरोडा म्हणतात. कायद्यात मात्र दरोड्याला दोन अटी आहेत. मुळात जबरी चोरी हवी आणि ती करणारे किमान पाच जण हवेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३९१ ची ही व्याख्या १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत कलम ३१० म्हणून कायम राहिली. चौघे असले तर ती नुसती जबरी चोरी. आणि कोणाच्याही अंगाला हात न लावता रात्री भिंत फोडून शिरले, तर घरफोडी.

केरळातल्या चेलेंब्रा इथे डिसेंबर २००७ च्या अखेरीस हेच घडले. बँकेखालचा मजला हॉटेल काढतो म्हणून भाड्याने घेतला आणि छताला भोक पाडून वरच्या स्ट्राँगरूममधून सुमारे ८० किलो सोने व ५० लाखांची रोकड नेली. अटक झाली ती चौघांना. ही कल्पना एका हिंदी चित्रपटावरून सुचल्याचे तपासात पुढे आले. बातम्यांत तो दरोडाच राहिला, पण व्याख्येच्या दोन्ही अटींपैकी एकही तिथे पुरी होत नव्हती.

हा शब्दाचा घोळ किरकोळ नाही. दरोडा म्हटले की बंदुका, धाकदपटशा, पळापळ डोळ्यांपुढे येते, आणि मग प्रेक्षक गोष्टीचा खरेपणाही त्याच मापाने मोजतो. पहारेकरी इतका गाफील कसा? अलार्म वाजला कसा नाही? हाइस्टच्या गोष्टीचा जीव वेगळीकडे असतो. तिथे आधी आराखडा ठरतो, कामे वाटून दिली जातात आणि प्रत्येक कामामागे एक माणूस असतो. त्या माणसाच्या हातून नेमकी हीच चूक होईल का, हा तिथला खरा प्रश्न.

तो प्रश्न ऐरणीवर आला एका नियमामुळे. अमेरिकी चित्रपट उद्योगाने १९३० साली स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली आणि १९३४ पासून ती कडकपणे राबवली. चोरी, तिजोरीफोड, सुरुंग यांची पद्धत तपशिलात दाखवायची नाही आणि गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही. १९६८ मध्ये ती मोडीत निघेपर्यंत, आणि नंतरही, तिने लेखकांचे हात बांधले अशी तक्रार होत राहिली. तक्रार खोटी नाही. शेवट आधीच ठाऊक असलेले कित्येक चित्रपट त्या काळात निघाले. पण माझ्या मते या प्रकाराला खरी खोली त्याच अडचणीतून आली. चोर पकडला जाणारच असेल, तर कशामुळे, याचे पटणारे उत्तर लेखकाला द्यावे लागले, आणि 'पोलीस हुशार होते' एवढ्यावर ते भागेना.

१९५० च्या एका अमेरिकी चित्रपटात सारी योजना आखणारा म्हातारा निसटत असतो. वाटेत नाचणाऱ्या एका मुलीकडे बघत तो काही मिनिटे जास्त रेंगाळतो आणि सापडतो. १९५६ च्या दुसऱ्या चित्रपटात रेसकोर्सची लूट विमानतळापर्यंत सुखरूप पोचते. तिथे एका बाईचा छोटा कुत्रा धावपट्टीवर येतो, बॅग पडून उघडते आणि नोटा वाऱ्यावर उडतात. पहिला शेवट मला अधिक खरा वाटतो, कारण तो त्या माणसाच्या स्वभावातून आला आहे. कुत्रा कोणाचाही असू शकला असता.

हॉलिवूडच्या काळ्या यादीमुळे, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारले गेल्याने, देश सोडलेल्या एका दिग्दर्शकाने १९५५ साली फ्रान्समध्ये काम केले, तिथे ती अमेरिकी संहिता नव्हती. त्याने जवळजवळ अर्धा तास, संवाद आणि पार्श्वसंगीताविना, जवाहिऱ्याचे दुकान फोडणे दाखवले. वरच्या मजल्यावरून जमिनीला भोक पाडून त्यातून छत्री खाली सोडतात आणि उघडतात, म्हणजे पडणारे तुकडे तिच्यातच साठतात. एवढ्या तयारीनंतर टोळी बुडते ती तिजोरी उघडणाऱ्याने एका बाईला दिलेल्या अंगठीपायी. शिक्षेचे बंधन नसतानाही गोष्ट माणसाच्या दुबळेपणाकडेच वळली.

लास व्हेगासचे जुगारअड्डे लुटणाऱ्या अकरा जणांच्या १९६० च्या चित्रपटात लुटीचे पैसे शवपेटीबरोबर जळतात, २००१ च्या नव्या आवृत्तीत अकराही जण जिंकतात. इथून पुढे भर बदलला. योजना बिघडलीच नव्हती, बिघडणे हाच तिचा भाग होता, हे शेवटी उलगडायचे, ही रीत झाली. त्यात यंत्रे पटतात, माणसे पातळ होतात. २०१७ च्या स्पॅनिश मालिकेने हे उलट फिरवण्याचा प्रयत्न केला आणि पात्रांच्या रागलोभांना मोकळे सोडले, म्हणून ती इतक्या घरांत पाहिली गेली असे मला वाटते.

प्रत्यक्षातल्या घटना दोन्ही बाजूंनी बोलतात. फेब्रुवारी २००३ मध्ये अँटवर्पच्या हिरेबाजारात तळघरातल्या शंभरहून अधिक पेट्या फोडल्या गेल्या. इतक्या बारकाव्याने केलेले काम उघडे पडले ते रस्त्याकडेला फेकलेल्या कचऱ्यातून, ज्यात अर्धवट खाल्लेले सँडविचही होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसच्या लूव्रमध्ये चोर दिवसाढवळ्या सामान चढवायच्या शिडीने वर गेले आणि आठ मिनिटांच्या आत बाहेर पडले. पळताना सम्राज्ञीचा एक मुकुट त्यांच्या हातून पडला. हे प्रसंग पटकथेत लिहिले असते तर ओढूनताणून आणलेले म्हटले गेले असते.

मुंबईत मार्च १९८७ मध्ये ऑपेरा हाउसजवळच्या जवाहिऱ्याकडे तर कुलूपही तुटले नाही. एका माणसाने वृत्तपत्रात नोकरीची जाहिरात दिली, सव्वीस जण निवडले, आपण केंद्रीय तपास यंत्रणेचे आहोत असे सांगून त्यांना बसने 'छाप्या'ला नेले आणि दागिने घेऊन एकटा निघून गेला. तो कोण, हे कधीच कळले नाही. २०१३ साली त्यावर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा त्या माणसाला साथीदार द्यावे लागले, प्रेयसी द्यावी लागली, आणि त्याच यंत्रणेने एकदा नाकारल्याची जुनी जखमही.