इव्होक चारही चाकांवर चालते, तरी ती थारसारखी फोर बाय फोर नाही

“चारही चाकांना ताकद जाते ना, मग झाली की फोर बाय फोर!” रेंज रोव्हर इव्होकची जुळणी 2015 पासून पुण्यात होऊ लागली, तेव्हापासून हे वाक्य ऐकून मी वैतागलोय. इव्होक ऑल व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे चारही चाकांना ताकद गाडी स्वतःच वाटते. महिंद्रा थार किंवा मारुती जिम्नीच्या अर्थाने ती फोर बाय फोर नाही.

थार सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगतो, की 2023 पासून तिचं फक्त मागच्या चाकांवर चालणारं मॉडेलही मिळतं, त्यामुळे थार दिसली की फोर बाय फोर असंही समजू नका. ग्राउंड क्लिअरन्सवरून, म्हणजे गाडीच्या पोटाच्या जमिनीपासूनच्या उंचीवरून, वाद घालण्यात अर्थ नाही, इव्होकचा 212 मिलिमीटर पुरेसा आहे.

खरी मेख लो रेंजमध्ये, म्हणजे जास्त ओढीच्या आणि कमी वेगाच्या गिअर-जोडणीत आहे. जिम्नीत गिअरबॉक्सला जोडून ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी असते. ‘फोर एल’ (लो रेंज) टाकलं की त्याच गिअरमध्ये वेग साधारण निम्मा होतो आणि चाकावरची ओढ दुप्पट. दगडावर चाक चढवताना क्लच जाळावा लागत नाही. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. लो रेंज त्याच्याही खालचा गिअर देते. इव्होकमध्ये ही सोयच नाही. नऊ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये पहिला गिअर मुद्दाम जास्त ताकदीचा ठेवलाय, एरवी गाडी सहसा दुसऱ्यावरच निघते. ही युक्ती मला मनापासून आवडते, पण तिला लो रेंज म्हणून विकणं मला अजिबात पटत नाही. तीव्र उतारावर हिल डिसेंट कंट्रोल गाडी सावरतं ते मुख्यतः ब्रेक दाबून-सोडून, आणि उतार लांबला की ब्रेक तापतात.

कोरड्या डांबरावर मात्र डाव उलटतो. थार-जिम्नीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं, म्हणून तिथे ‘फोर एच’ (चारही चाकं, नेहमीचे गिअर) लावून वळलात तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. इव्होकमध्ये ताकदीची वाटणी आपोआप होते, चालकाला काहीच टाकावं लागत नाही. भर पावसात महाबळेश्वरला जायचं तर मी बेलाशक इव्होक घेईन. गडाच्या पायथ्याच्या दगडधोंड्यांतून जायचं तर जिम्नीच.

इव्होकची मागची काच अरुंद आहे, मागे उंच माणूस अवघडतो, पण हे चालवून पाहिलं की कळतं. मोठ्या रिमवरचे बारीक साइडवॉलचे (रिम आणि रस्ता यांच्यामधल्या बाजूच्या भिंतीचे) टायर मात्र शोरूममध्येच नाकारा. खडकावर पहिली फाटते ती साइडवॉल.