बालकांवरील अत्याचार व पोक्सो कायदा

मारहाण, लैंगिक शोषण, धमक्या देऊन किंवा सतत पाणउतारा करून मन खच्ची करणे आणि अन्न, औषध, देखभाल यांबाबत हेळसांड करणे, हे सारे बालकांवरील अत्याचारात मोडते. भारतात शाळेतील मारहाणीला व मानसिक छळाला शिक्षणहक्क कायद्याने (२००९) मनाई केली आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेली क्रूरता बाल न्याय अधिनियमाखाली (२०१५) गुन्हा ठरते. लैंगिक अत्याचारांसाठी मात्र स्वतंत्र कायदा आहे. तो पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला.

पोक्सोखाली १८ वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखेच संरक्षण आहे. बालकाच्या संमतीला अर्थ नाही. कपड्यांवरून केलेला स्पर्श हा लैंगिक हल्ला नव्हे, असा अर्थ एका उच्च न्यायालयीन निकालाने लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा मानला.

या कायद्याचे सर्वांत मोलाचे कलम १९ वे. गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे हे कळवणाऱ्याचे काम नाही, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. गप्प राहणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. न कळवल्याबद्दल बालकाला मात्र शिक्षा नाही. अत्याचार करणारा बहुधा ओळखीतला, पुष्कळदा घरातलाच असतो. ‘घराण्याची अब्रू’ म्हणून प्रकरण दाबले जाते ते इथेच, म्हणून बोलण्याचा भार कायद्याने मोठ्यांवर टाकला, हे योग्यच झाले.

जबाब बालकाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा असतो. अंगावर गणवेश नको. बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात वकील थेट प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, आणि आरोपी बालकाच्या नजरेस पडणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात कित्येक खटले त्यापुढे रेंगाळतात. तोवर उपचार व पुनर्वसनासाठी विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते. आरोपी सापडला नाही किंवा सुटला, तरी बालकाचे नुकसान झाल्याचे न्यायालयाला पटल्यास भरपाई मिळू शकते.