मेंदूत एका वेळी सात गोष्टी मावतात, हा समज चुकीचा
नागपुरातल्या शिकवणी वर्गांत अजूनही सांगतात, की मेंदू एका वेळी सात गोष्टी धरून ठेवतो. हा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातला. पण सात हा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी दिसणं हा बहुधा योगायोग, असं त्यांनीच त्यात म्हटलं होतं. मनातली उजळणी आणि गट पाडणं (म्हणजे अनेक गोष्टी जोडून एक करणं) रोखलं, की साधारण तीन-चार गोष्टीच टिकतात. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये हेच मांडलं.

४४००१२ हा पिनकोड घ्या. नागपूरकराला ४४० पाठच असतं, म्हणून तो एक गट आणि पुढचे तीन अंक, एवढंच सांभाळायचं. बाहेरगावच्या माणसाला सहाही अंक सुटे. क्षमता दोघांची तीच, फरक आधीच्या ओळखीचा.

आकडे आपण मनात पुटपुटत टिकवतो, आणि सुमारे दोन सेकंदांत म्हणून होईल तेवढंच त्यात राहतं. मध्येच कुणी ‘किती वाजले?’ विचारलं, की साखळी तुटते. म्हणून लांबलचक गणित तोंडी सांगून मुलाला ‘तुझं लक्षच नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. दिलेल्या संख्या आधी कागदावर उतरवू द्या, मधली उत्तरंही लिहू द्या. मग डोकं आकडे धरण्यात न अडकता रीत शोधायला मोकळं होतं.