हिरडीच्या पेशीत दडलेला जंतू

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेजारच्या काकूंनी आपला पडलेला दात पदराच्या गाठीतून काढून मला दाखवला. "भाकर खाता खाता निंगाला, दुखला बी नाही पाह्य," असे त्या म्हणाल्या. दाताला कीड नव्हती, पण मुळाच्या निम्म्या भागापर्यंत काळपट किटणाचा खरखरीत थर चढलेला होता. दात घासताना रक्त येत असे, ते उष्णतेमुळे येते असे समजून त्यांनी दोन वर्षे अंगावर काढली होती.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली साधारण 1 ते 3 मिलिमीटर भरते. तिथे साचलेल्या चिकट थरात असंख्य जंतू राहतात, आणि त्यांपैकी पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा प्राणवायू टाळून जगणारा जंतू हिरडीच्या दुखण्यात विशेष घातक ठरतो, कारण तो खाचेत राहून थांबत नाही, तर हिरडीच्या जिवंत पेशीत शिरतो.

त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. हे तंतू पेशीच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि पेशीच्या आतला, तिला आकार देणारा सांगाडा हलू लागतो. परिणामी पेशी स्वतःच त्या जंतूला आत ओढून घेते. प्रयोगशाळेत ही घुसखोरी 20 मिनिटांच्या आत घडताना दिसली आहे. जंतू खरोखर आत गेला की नुसता बाहेर चिकटला, हे ठरवण्याची रीतही मोठी सुंदर आहे: पेशींवर जेंटामायसिन हे प्रतिजैविक टाकतात, जे बाहेरच्या जंतूंना मारते पण पेशीत फारसे शिरत नाही, आणि मग पेशी फोडून आत किती जंतू जिवंत राहिले ते मोजतात.

आत गेल्यावर तो पेशीला लगेच मारत नाही, उलट तिचे मरण लांबवतो. एरवी हिरडीच्या काठावरच्या पेशी थोड्याच दिवसांत झडतात आणि चिकटलेले जंतूही त्यांच्यासोबत जातात. ही वाट तो अडवतो. शिवाय पांढऱ्या पेशींना बोलावणारा इंटरल्यूकिन-8 हा रासायनिक निरोप तो दाबून टाकतो आणि एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकतो. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, एकूण जंतूंमध्ये त्याचे प्रमाण 0.01 टक्क्यापेक्षा कमी असले, तरी बाकीच्या निरुपद्रवी जंतूंची संख्या आणि ठेवण बिघडून हाड झिजू लागते.

हाड झिजवण्याचे काम मात्र आपल्याच शरीराच्या पेशी करतात. सूज दीर्घकाळ टिकली की हाड विरघळवणाऱ्या पेशी चेततात, खाच खोल जाते आणि दाताचा आधार सुटतो. कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली की ठणका लागतो. इथे तसे काही होत नाही, म्हणूनच काकूंचा दात न दुखता निघाला.

मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्यांनी रक्त काही दिवस थांबते, पण किटण तसेच राहते आणि पेशीत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचतेच असे नाही. कडक झालेले किटण बाभळीच्या काडीने किंवा ब्रशनेही निघत नाही. ते दंतवैद्याकडून मुळापर्यंत खरवडूनच काढावे लागते. साफसफाईने दात सैल होतात, हा आपल्याकडचा समज खरा नाही. किटणाने जखडलेला, आधी सुटलेला दात तेवढा उघडा पडतो. बिडी ओढणाऱ्यांनी तर अधिक जपावे, कारण धुराने हिरडीचे रक्त येणे कमी होते आणि रोग लपतो. खर्रा ज्या गालात धरला जातो, तिथली हिरडी दातापासून खाली सरकते. साखरेचा आजार असेल तर हिरडी लवकर बिघडते, आणि बिघडलेल्या हिरडीमुळे साखरही आटोक्यात राहत नाही.

काकूंना मी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन गेलो. खुणा असलेल्या बारीक सळईने एकेका दाताभोवतीची खोली मोजली, तेव्हा पुढच्या दातांशी 3 आणि दाढांशी 6 मिलिमीटर भरली. खालच्या उजव्या बाजूचे किटण त्याच दिवशी निघाले. उरलेल्या बाजूंसाठी कापसाचा दुसरा वेचा आटोपला की पुन्हा जायचे ठरले आहे.