मणी अठराचा, पण कोणता मणी?

हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एखाद्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये उभं राहा. ‘हा चालंल, तो काढ’ एवढंच कानावर पडतं. त्यामागचा नियम समजा असा आहे: मणी 18 मिलिमीटरचा आणि गोडी 16 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), तर माल निर्यातीला. तो संगणकात घालायचा झाला, की सुपरवायझर साहेबाला सांगतो, साहेब प्रोग्रॅमरला, आणि प्रोग्रॅमर जे लिहितो ते आधीच्या दोघांना वाचता येत नाही.

1959 साली आकाराला आलेल्या कोबोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत इंग्रजी शब्द आले, तरी लिहिणारा प्रोग्रॅमरच राहिला. 1986 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी ब्रिटनचा 1981 चा नागरिकत्व कायदा प्रोलॉग भाषेत तर्काच्या नियमांसारखा मांडून दाखवला. त्यांच्यातल्याच रॉबर्ट कोवाल्स्की यांनी पुढे ‘लॉजिकल इंग्लिश’वर काम केलं: वाक्यं माणसाला वाचता यावीत आणि तीच यंत्रावर चालावीत.

आपल्या भाषेत हे असं दिसेल:

अमुक घडातला सर्वांत लहान मणी अमुक मिलिमीटरचा आहे
तो आकार 18 पेक्षा कमी नाही
त्या घडाची गोडी अमुक ब्रिक्स आहे
ती गोडी 16 पेक्षा कमी नाही
————
तो घड निर्यातीला चालतो

रेघेवरचं सगळं खरं ठरलं, तर रेघेखालचं खरं. ‘अमुक’ ही रिकामी जागा, तिथे नोंदवहीतला आकडा बसतो. (बीजगणितातला क्ष आपल्या बोलण्यात आधीपासून होताच म्हणायचा.) यंत्राला ना द्राक्ष कळतं ना गोडी. ते फक्त वाक्याचा साचा जुळवतं. म्हणून एकाने ‘घड चालतो’ आणि दुसऱ्याने ‘माल पास’ लिहिलं, तर यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी. कोणता शब्द धरायचा, हे आधी माणसांनाच ठरवावं लागतं.

मला खरी गंमत इथेच वाटते. ‘मणी अठराचा’ म्हणजे सरासरी, की सर्वांत लहान मणी? तोंडी नियमात हा प्रश्न वर्षानुवर्षं झाकलेला राहू शकतो. लिहायला बसलं की पहिल्याच ओळीला वाद होतो, आणि तो सुपरवायझर, साहेब, प्रोग्रॅमर या तिघांनाही घालता येतो.

घड नाकारला गेला, तर ‘का?’ विचारता येतं. उत्तर त्याच वाक्यांत मिळतं: सर्वांत लहान मणी 17 मिलिमीटरचा, तो 18 पेक्षा कमी. तो मणी मोजला कोणी, हे मात्र विचारून उपयोग नाही. त्याचं वाक्य अजून कोणी लिहिलेलं नाही.