नेगल आणि डिलेड अ‍ॅक: 40 मिलिसेकंद नेमके अडतात कुठे?

छोटे संदेश पाठवणारा प्रोग्रॅम प्रत्येक विनंतीला 40 मिलिसेकंद अडायला लागला की सल्ला ठरलेला असतो: ‘नेगल बंद कर.’ पण त्या अडण्यात नेगल आणि डिलेड अ‍ॅक अशा दोघांचा हात असतो, आणि ते दोघे बसतात टीसीपी (इंटरनेटवर डेटा पोचवण्याची नियमावली) कनेक्शनच्या दोन वेगळ्या टोकांना.

नेगल अल्गोरिदम पाठवणाऱ्याकडे असतो. फोर्ड एरोस्पेसमधल्या जॉन नेगल यांनी तो 1984 साली आरएफसी 896 मध्ये मांडला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका). तेव्हा टेलनेटवर, म्हणजे दूरच्या संगणकावर टाइप करायच्या सोयीत, एक कळ दाबली की 1 बाइटच्या मजकुरासाठी 40 बाइटची हेडरं (पत्ते वगैरे माहिती) धरून 41 बाइटचं पॅकेट निघायचं, आणि संथ लाइनी त्यानेच तुंबायच्या. नियम एवढाच, की आधीच्या डेटाची पोच (अ‍ॅक) यायची बाकी असेल तर नवा छोटा तुकडा धरून ठेवायचा. पोच आली किंवा पूर्ण सेगमेंट (एका पॅकेटात मावेल एवढा डेटा) भरला की सोडायचा. यात टायमर कुठेच नाही, आणि मला तेच फार सुंदर वाटतं. नेटवर्क वेगवान असेल तर पोच लवकर येते, थांबणं आपोआप कमी होतं.

डिलेड अ‍ॅक घेणाऱ्याकडे असतो. आलेल्या डेटाची पोच तो लगेच देत नाही. उत्तर जाणारच असेल तर त्याच पॅकेटमधून पोचही जाईल, हा हिशोब. इथे मात्र टायमर आहे. 1989 च्या आरएफसी 1122 नुसार हा उशीर अर्ध्या सेकंदाच्या आतच हवा. लिनक्सवर तो साधारण 40 मिलिसेकंदांपासून सुरू होतो, जुन्या विंडोजवर 200.

आता प्रोग्रॅमने एका राइटमध्ये (डेटा पाठवायच्या एका कॉलमध्ये) विनंतीचं हेडर लिहिलं, दुसऱ्यात बॉडी, आणि तो उत्तराची वाट बघत बसला. हेडर लगेच जातं. त्याची पोच आलेली नाही म्हणून नेगल बॉडी अडवतो. सर्व्हरकडे विनंती अर्धीच पोचलेली, त्यामुळे उत्तर नाही. उत्तर नाही म्हणून पोच टायमर संपेपर्यंत तिथेच. एक राइट, एक रीड असा क्रम असता तर हे घडलंच नसतं.

म्हणून टीसीपी_नोडिले, म्हणजे नेगल बंद करणारा पर्याय, लावण्याआधी दोन्ही राइट एकत्र करा. बफर वापरा किंवा अनेक तुकडे एकाच वेळी लिहिणारा राइटव्ही कॉल. तुकडे तसेच ठेवून नोडिले लावलं तर उशीर जातो, पण 41 बाइटांचे दिवस परत येतात. एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन) किंवा ऑनलाइन गेमसारख्या ठिकाणी नोडिले योग्यच आहे, आणि गो भाषेत ते मुळातच चालू असतं. पोच लगेच द्यायला लावणारं लिनक्सवरचं टीसीपी_क्विकअ‍ॅक घेणाऱ्या टोकाला लावायचं असतं, शिवाय ते कायम टिकत नाही, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. दुसरं टोक आपल्या ताब्यात नसेल तर त्याचा उपयोग नाही.

खात्री करायची तर पाठवणाऱ्या मशीनवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावा. 40 मिलिसेकंदांनी नुसती पोच आली आणि तिच्या पाठोपाठ बॉडी निघाली, तर हीच जोडी. बॉडी वेळेवर निघून उत्तरच उशिरा येत असेल, तर नेगलला हात लावू नका, सर्व्हर तपासा.