काळा आजार: दहा हजारांत एक

एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या जेसोर, बर्दवान आणि तेव्हाच्या आसामच्या गारो टेकड्यांत काळ्या आजाराने (परजीवीमुळे येणारा, उपचाराविना जीवघेणा ताप) गावेच्या गावे ओस पाडली. 1903 मध्ये परजीवी सापडला, 1920च्या दशकात कोलकात्यात अँटिमनीचे औषध तयार झाले आणि 1942 मध्ये हा रोग वालुमाशी पसरवते यावर शिक्कामोर्तब झाले. (विदर्भाला ही माशी परकी नाही, नागपूरजवळच्या गावाचे नाव मिळालेला चांदीपुरा विषाणू तिच्याच जातकुळीतल्या माश्या पसरवतात.)

1950च्या दशकात मलेरियासाठी घरोघरी डीडीटी मारले गेले. डासांबरोबर वालुमाशीही गेली आणि काळा आजार दिसेनासा झाला. हा फुकटचा फायदा होता, म्हणून फवारणी आवरती घेताना कुणी त्याचा हिशेब केला नाही. 1970च्या दशकात बिहारच्या मुजफ्फरपूर-वैशाली पट्ट्यात साथ उसळली. 1992 साली देशात 77 हजारांवर रुग्णांची आणि 1,400हून अधिक मृत्यूंची नोंद झाली. खासगी डॉक्टरांकडे गेलेले बहुतेक त्यात नाहीतच. बिहारमध्ये अँटिमनीही निकामी होत चालले होते.

2005 मध्ये भारत, नेपाळ आणि बांगलादेशाने 2015 पर्यंत निर्मूलनाचा करार केला. निर्मूलन म्हणजे रोग संपवणे नव्हे, तर वर्षाला दर 10,000 लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण. तो आकडा नेपाळने जिल्ह्यावर लावला, बांगलादेशाने उपजिल्ह्यावर, भारताने प्रखंडावर, म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढ्या भागावर. भारताची कसोटी त्यातल्या त्यात कडक, हे मान्य. तरी दोन लाख वस्तीच्या प्रखंडात वर्षाला 19 रुग्ण निघाले तरी तो पास. ते एकोणीसच्या एकोणीस एकाच मुसहर टोल्यातले (बिहारमधल्या एका दलित जातीच्या वस्तीतले) असले तरीही पास! आणि हा आजार तसाच पुंजक्यांनी येतो. ही माशी फार लांब किंवा उंच उडत नाही; ओलसर मातीच्या भिंतींच्या फटीत आणि गोठ्यात ती वाढते, म्हणून भिंतीवर फवारणीही सहा फुटांपर्यंतच करतात. टोल्याचा रोग प्रखंडाच्या सरासरीने मोजणे सोयीचे होते, इतकेच.

2015 हुकले, 2017 हुकले, 2020ही हुकले. मात्र याच काळात रुग्ण झपाट्याने घटले. बोटाच्या थेंबभर रक्तावर होणारी पट्टी-चाचणी आली, 2014 पासून लायपोसोमल अँफोटेरिसिन या औषधाचा एकच डोस पुरू लागला. डीडीटीला माशी दाद देईनाशी झाली तेव्हा सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे दुसरे कीटकनाशक आले, आणि फवारणीच्या जुन्या स्टिरप पंपाच्या जागी हाताने हवा भरायचा दाबपंप.

2023 मध्ये हा रोग असलेल्या चार राज्यांतले सर्व 633 प्रखंड उंबरठ्याखाली आले. त्याच वर्षी बांगलादेशाच्या निर्मूलनावर आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झाले. आपल्याला त्यासाठी सलग तीन वर्षे तिथेच राहून दाखवायचे होते. पण बऱ्या झालेल्या काहींच्या अंगावर महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट डाग उठतात. ते दुखत नाहीत, ताप नसतो, म्हणून रुग्ण दवाखान्यात जात नाही. त्याच्या त्वचेतला परजीवी मात्र माशीला मिळत राहतो. डागांवरचा उपाय बारा आठवड्यांच्या गोळ्यांचा. सरकारी तक्त्यात या रुग्णांचा रकाना वेगळा असतो.